कुत्र्याच्या विम्यावरून निघालेली म्हशीची गोष्ट

दूध घालून झालं असेल, चुलीवर भाजी असेल, तर बसा निवांत. आज जरा पैशाचं बोलायचंय, पण सुरुवात करते कुत्र्यापासून.

माझी एक मामेबहीण पुण्यात असते. तिच्याकडे जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा आहे. अडतीस किलो वजन, म्हणजे आपल्या सहावीतल्या पोराएवढा. दिवाळीत ती गावी आली होती. तिनं सांगितलं, एका रात्री त्याचं पोट एकाएकी टम्म फुगलं. उलटी करायला बघतोय, काही पडत नाही. डॉक्टर म्हणाले, पोटाला पीळ पडलाय, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला लागेल. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना हा त्रास जास्त होतो म्हणे. तासाभरात निर्णय घ्यायचा होता. कुत्रा वाचला, पण बिल झालं साठ हजारांच्या वर.

तेव्हा तिला कुणीतरी विचारलं, विमा नव्हता का काढलेला? तिला माहीत होतं की कुत्र्याचा विमा असतो, पण काढला नव्हता. ऑपरेशननंतर चौकशी केली तर कुत्र्याचं वय आठ झालेलं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं आयुष्य लहान कुत्र्यांपेक्षा कमी असतं, त्यामुळे विमा कंपन्या वयाची अट लावतात. आता नवीन विमा मिळेना.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं आणि बायका हसून हसून लोळल्या. कुत्र्याचा विमा! एक काकू म्हणाल्या, "अगं, माझा पण नाही, आणि त्या कुत्र्याचा कशाला?" त्या हशात कोपऱ्यातून एक आवाज आला, "आपल्या म्हशींचा आहे का कुणाकुणाचा?"

हसणं थांबलं. आमच्या गटात त्या दिवशी चौदा दुभती जनावरं होती, गाई-म्हशी मिळून. विमा तिघींचा होता, आणि त्या तिघींनाही तो बँकेनं कर्जाबरोबर काढलेला. कागद कुठं आहे, हे तिघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही.

प्रश्न विचारणाऱ्या वहिनींचं नाव मी सांगणार नाही, पण तिथून पुढं मला मान वर करून बसता आलं नाही. का, ते सांगते.

आमच्या घरी लग्नानंतर चार वर्षांनी सासूबाईंनी कर्जावर गाय घेतली होती. बँकेनं विमा काढला. कानात पिवळा बिल्ला ठोकला, आम्ही कुठंतरी सही केली. पुढं काट्याच्या कुंपणात अडकून गाईचा कान फाटला आणि बिल्ला पडला. सासूबाईंनी तो उचलून फळीवर ठेवून दिला. बिल्ला पडलाय हे कुणाला कळवायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात एका रात्री गाईला साप चावला. सकाळी गोठ्यात गेलो तर संपलेली. उन्हं चढायच्या आत पुरली पाहिजे म्हणून भावकीतल्या माणसांनी खड्डा काढला. दुपारी बारापर्यंत सगळं उरकलं. मग तिसऱ्या दिवशी आम्ही विम्याचं बघायला गेलो. त्यांनी विचारलं, शवविच्छेदनाचा दाखला? नाही. बिल्ला कानात होता का? नाही. पुरताना कंपनीचं कुणी होतं का? नाही. दावा नामंजूर.

मी तेव्हा नवीनच गटाचं काम करायला लागले होते. फार राग आला. हप्ता घेताना गोड बोलतात आणि द्यायची वेळ आली की कागद मागतात, असं मी पुढं दोन वर्षं प्रत्येक बैठकीत बोलत राहिले. "विमा म्हणजे पैसे पाण्यात" हे माझंच वाक्य. बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी बीए झालेली, हिशेब लिहिणारी.

त्या विश्वासावरच आमच्या ह्या वहिनींनी २०२३ साली म्हैस घेतली. पंच्याऐंशी हजारांची, दुसऱ्या वेताची, दिवसाला अकरा लिटर देणारी. पंचवीस हजार स्वतःचे, साठ हजार बँकेचे. त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, विमा काढू का?" मी नको म्हणाले. आठ महिन्यांनी म्हशीनं खाणं टाकलं. रवंथ बंद, चालताना कण्हायची, पुढचे पाय फाकवून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, वैरणीतून तार पोटात गेलीय आणि ती काळजाकडं सरकलीय. वैरणीची पेंढी बांधलेली तार, तुटून चाऱ्यात पडलेली. आठ दिवसांत म्हैस गेली. औषधपाण्याचे नऊ हजार वेगळे. आणि बँकेचा महिन्याला अठ्ठावीसशेचा हप्ता तसाच चालू. त्या वहिनी सोळा महिने कांदा काढणीला, खुरपायला दुसऱ्याच्या रानात गेल्या. एकही हप्ता चुकवला नाही. गटाची पत राखली त्यांनी. मला मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी कोपऱ्यातून प्रश्न विचारला.

म्हणून ह्या खेपेला मी रागावर न बोलता हिशेब मांडून बोलणार आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. पुण्याच्या त्या कुत्र्याचा विमा असता तर तो दवाखान्याच्या खर्चाला उपयोगी पडला असता. ऑपरेशन, दाखल करणं, ह्यासाठी ठरलेल्या रकमेपर्यंत कंपनी देते. काही पॉलिसीत कुत्रा दुसऱ्याला चावला तर त्याची भरपाईसुद्धा येते. आणि मोठ्या कुत्र्याला हे जास्त लागू पडतं, कारण औषधाचा डोस वजनावर असतो, भूल वजनावर असते. पाच किलोच्या कुत्र्याला जे दोनशेत होतं ते चाळीस किलोच्याला दोनशेत होत नाही. आपल्या गाई-म्हशींचा विमा तसा नाही. तो औषधपाण्याला एक रुपया देत नाही. जनावर मेलं, तर आणि तरच पैसे. जादा हप्ता भरला तर काही पॉलिसीत कायमचं निकामी झालेलं जनावरही धरतात, म्हणजे कायमची भाकड राहिली, दूध कायमचं गेलं, असं. पण ते वेगळं विचारून, कागदावर लिहून घ्यावं लागतं. डॉक्टरचा खर्च विम्यातून निघेल ह्या आशेवर कुणी राहू नका.

माझ्या बहिणीला मी विचारलं, आता तू दुसरा कुत्रा आणलास तर विमा काढशील का? ती म्हणाली, "मी एकच बघेन. ते बिल उद्या एकदम आलं तर मला झेपेल का? झेपत असेल तर दर महिन्याला बाजूला पैसे टाकेन. झेपत नसेल तर विमा." मला हे पटलं. दोन किलोच्या कोंबडीचा विमा आपण काढत नाही, कारण कोंबडी गेली तर आपण हळहळतो आणि दुसरी आणतो. म्हैस गेली तर दुसरी आणता येत नाही.

आता आकडे. वही-पेन घ्या हवं तर.

जनावराच्या किमतीच्या साधारण तीन ते चार टक्के वर्षाचा हप्ता असतो. कमी-जास्त होतो, पण हिशेबाला चार धरू. पंच्याऐंशी हजारांची म्हैस म्हणजे चौतीसशे रुपये वर्षाला. हे झालं अनुदान नसताना. राष्ट्रीय पशुधन अभियानात विम्यासाठी सरकारचं अनुदान आहे. पूर्वी त्यात कुणाला वीस टक्के, कुणाला तीस, कुठं कुठं त्याहून जास्त वाटा भरावा लागायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ते बदललं आणि पशुपालकाचा वाटा सरसकट १५ टक्के केला. उरलेलं केंद्र आणि राज्य मिळून ६०:४० मध्ये भरतात. म्हणजे त्याच म्हशीला चौतीसशेऐवजी पाचशे दहा रुपये. शेळ्या-मेंढ्यांत दहा जनावरं म्हणजे एक पशुधन घटक धरतात, आणि आता पाचच्या ऐवजी दहा घटकांपर्यंत विमा काढता येतो.

पण इथं एक सांगते. योजना आहे म्हणजे तुमच्या दवाखान्यात आज फॉर्म मिळतीलच असं नाही. निधी येतो, संपतो, पुन्हा येतो. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारायचं: "ह्या वर्षी आपल्या तालुक्यात अनुदानाचा विमा चालू आहे का, कुठली कंपनी आहे, मुदत कधीपर्यंत?" एकटीनं विचारलं की "नंतर या" म्हणतात. पशुसखीला घेऊन आठ-दहा जणी गेलात की वही उघडतात. हा माझा अनुभव आहे.

मग अनुदान मिळालं तर प्रश्नच नाही, पाचशे दहा रुपये म्हणजे आठवड्याची सरकी पेंडसुद्धा येत नाही. खरा प्रश्न अनुदान नसताना. तेव्हा पूर्ण चौतीसशे भरायचे का?

ह्यावर आमच्या गटात चांगलं दोन तास भांडण झालं. आमच्या कोषाध्यक्ष म्हणाल्या, कंपनीला कशाला द्यायचे? पंचवीस वर्षं चौतीसशे भरले तर एक म्हैस होते. आपणच आपला निधी करू. प्रत्येक जनावरामागे महिन्याला दोनशे, चौदा जनावरांचे अठ्ठावीसशे, वर्षाला तेहतीस हजार सहाशे. ज्या बाईचं जनावर जाईल तिला त्यातून द्यायचे. पैसे गटात राहतील, व्याज गटाला मिळेल, शवविच्छेदन नको आणि बिल्ला नको.

ऐकायला फार छान वाटलं. मग आम्ही मागच्या पाच वर्षांची आठवण काढली. कुणाचं काय गेलं, हे बायकांना तारखेसकट पाठ असतं. सहा जनावरं गेली होती. त्यातलं एक रेडकू. दोन म्हाताऱ्या म्हशी, त्यांचा विमा झालाच नसता. राहिल्या तीन: एक गाय लम्पीनं गेलेली, वहिनींची म्हैस आणि आमची गाय. चौदा जनावरं पाच वर्षं म्हणजे सत्तर, त्यात तीन. शंभरामागे चारांहून थोडं जास्त. आणि कंपनीचा हप्ता किती? शंभराला साधारण तेवढाच. म्हणजे आमच्या गावात तरी कंपनी आपल्याला लुटते असं म्हणायला जागा राहिली नाही.

कोषाध्यक्षांचं म्हणणं त्यावरही होतं, "मग सारखंच झालं की! निधीच करू." आणि इथं त्या वहिनी दुसऱ्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "माझी म्हैस निधी चालू झाल्यावर पाचव्या महिन्यात मेली असती तर? निधीत चौदा हजार असते." कुणी काही बोललं नाही. आमची गाय आणि वहिनींची म्हैस वेगवेगळ्या वर्षी गेली म्हणून. एकाच पावसाळ्यात दोन गेल्या असत्या तर निधी रिकामा आणि वर भांडण, हिला किती आणि तिला किती. लम्पीच्या साथीत, २०२२ मध्ये, पंधरा दिवसांत एका वस्तीवरची तीन-तीन जनावरं आजारी पडलेली तुम्हीही बघितलीत. साथ आली की आपल्या सगळ्यांच्या गोठ्यात एकदमच येते. कंपनीला चार जिल्ह्यांतले हप्ते येतात, तिला आपल्या वस्तीवरची साथ सोसते. आपल्या चौदा जणींच्या डब्याला सोसत नाही.

लम्पीचं निघालंच आहे तर, त्या गाईला तेव्हा राज्य सरकारचे तीस हजार मिळाले होते. दुभत्या गाईला तीस, बैलाला पंचवीस आणि वासराला सोळा हजार असं होतं. गाय होती साठ हजारांची. वीज पडून जनावर मेलं, पुरात गेलं, तर तहसीलमार्फत मदत असते, सध्याच्या निकषानं दुभत्या जनावराला साडेसदतीस हजार. बिबट्यानं किंवा लांडग्यानं मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, मात्र मेलेलं जनावर न हलवता लगेच कळवावं लागतं. ह्या मदती घ्यायच्याच. पण त्यात तार गिळलेली म्हैस येत नाही, साप चावलेली गाय येत नाही, आणि व्यायलेल्या रात्री गेलेली म्हैस येत नाही. आपल्याकडं जास्त जनावरं ह्याच कारणांनी जातात.

म्हणून माझं मत सांगते. तुम्हाला वेगळं वाटलं तर बैठकीत जरूर भांडा.

जिच्या डोक्यावर जनावराचं कर्ज आहे, तिनं विमा काढावा, अनुदान मिळो न मिळो. जिच्या घरात एकच दुभतं जनावर आणि त्याच दुधावर किराणा, तिनंही काढावा. जिच्याकडे पाच-सहा म्हशी आहेत, कर्ज फिटलंय, गाठीला पैसा आहे, तिनं पूर्ण हप्त्यात फार तर सगळ्यात महागड्या दोघींचा काढावा, बाकीचं तिला झेपतं. म्हातारीचा प्रश्नच येत नाही. साधारण गाईला दहा आणि म्हशीला बारा वर्षांपर्यंतच विमा देतात. माझ्या बहिणीच्या कुत्र्यासारखंच आहे हे, वेळ गेली की पैसे असूनही मिळत नाही. दोन-तीन शेळ्या असतील तर विम्याच्या मागं धावण्याआधी पीपीआर आणि आंत्रविषाराची लस द्या. वीस-पंचवीस असतील तर अनुदानातला विमा काढा.

आमच्या वस्तीवर एक धनगर मामा आहेत. दीडशे मेंढरं आणि राखणीला दोन दांडगी कुत्री, गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. त्यांना मी गंमतीनं विचारलं, मामा, कुत्र्यांचा विमा काढता का? म्हणाले, "कुत्री मेंढरांचा विमा हायेत, पोरी. विम्याचा विमा कशाला?" हसू नका, हिशेब बरोबर आहे त्यांचा. तसल्या कुत्र्याचं पिल्लू दुसऱ्या वाड्यावरून मिळतं, दवाखान्याचं साठ हजारांचं बिल कधी होणारच नसतं. त्याला रेबीजची लस मात्र दरवर्षी टोचायची, ती मी त्यांच्या मागं लागून टोचून घेतली. तो कुत्रा पोरांमध्ये फिरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमा काढूनही पैसे का मिळत नाहीत? आमच्या गाईच्या दाव्याचे कागद मी अलीकडं पुन्हा काढून वाचले. नियमानं बघितलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते आधी. सही घेताना कुणीतरी पाच मिनिटं बसून वाचून दाखवायला हवं होतं. ते मी आता करते.

कानातला बिल्ला म्हणजे जनावराचं आधार कार्ड. बारा आकडी नंबर असतो. बिल्ला नाही तर दावा नाही. पडला, तुटला, कान फाटला तर त्याच दिवशी कंपनीला कळवायचं आणि डॉक्टरांकडून नवा ठोकून घ्यायचा, नव्या नंबरची पॉलिसीवर नोंद झाली की नाही हे कागदावर बघायचं. फळीवर ठेवून द्यायचा नाही! दर महिन्याच्या बैठकीला आता आम्ही विचारतो, बिल्ले आहेत का कानात? हजेरीसारखं.

जनावर आजारी पडलं की डॉक्टरांना बोलवायचं आणि लिहून घ्यायचं. १९६२ ला फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी येते. घरचा पाला, तेल, हळद करा हवं ते, पण सोबत डॉक्टरचा कागद पाहिजे. उपचार केलेच नाहीत, हयगय झाली, असं दिसलं तर पैसे नाकारतात.

लसीचं तसंच. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, ह्या रोगांना लस आहे. ती न देता जनावर त्यातच गेलं तर कंपनी म्हणते, तुम्ही लस का दिली नाही? पावसाळ्याआधी दवाखान्याची माणसं येतात तेव्हा "आज दूध कमी होईल" म्हणून गोठ्याची कडी लावणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मी पण लावली होती एकदा. आता लसीची तारीख पॉलिसीच्या मागंच लिहून ठेवायची.

विमा काढल्यावर बहुतेक पॉलिसीत पहिले पंधरा दिवस आजारानं जनावर गेलं तर पैसे मिळत नाहीत. आजारी पडल्यावर पळत जाऊन काढायचा म्हणजे उपयोग नाही. चोरीला गेलं, हरवलं, तर नाही. आधीपासून असलेला आजार लपवला तर नाही. विकलं तर नव्या मालकाच्या नावावर करायला कंपनीला कळवायचं.

आणि जनावर गेलं तर... बायांनो, त्या वेळी रडू येतंच. सहा वर्षं हातानं वैरण घातलेली असते. पण खड्डा काढायला माणसं निघाली की आधी त्यांना थांबवा. कंपनीला फोन, डॉक्टरांना फोन, बिल्ला दिसेल असा कानासकट फोटो, मग शवविच्छेदन, मगच माती. सासरे, दीर, भावकी म्हणतील, "मेलेल्या जनावराला फाडताय?" आमच्या घरीही म्हणाले असते. ते आधीच घरात बोलून ठेवा, जनावर जिवंत असताना. त्या सकाळी बोलायची ताकद नसते. कागद चार लागतात: कंपनीला दिलेली खबर, पॉलिसी, दाव्याचा फॉर्म आणि शवविच्छेदनाचा दाखला. बिल्ला त्यांच्याच हातात द्यायचा, पोचपावती घेऊन. सरकारी योजनेत कागद पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, उशीर झाला तर कंपनीला वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज लागतं. हे त्यांना मोठ्या आवाजात आठवण करून द्यायला हरकत नाही.

तरी नाकारलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडंच लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत, पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. १५५२५५ ह्या नंबरवरही विम्याची तक्रार सांगता येते. आम्हाला तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी आमचा दावा टिकला नसता, हे आता कळतं.

कर्जावरच्या विम्याचं एक राहिलं. बँकेनं काढलेला असला तरी हप्ता तुमच्याच खात्यातून गेलेला असतो. पॉलिसीची प्रत मागून घ्या. पैसे आले तर आधी कर्जखात्यात जातात, उरले तर तुम्हाला, हेही माहीत असू द्या. आणि एक वर्षाची पॉलिसी असेल तर वर्षानं संपते, कर्ज तीन वर्षांचं असलं तरी. आमच्या गटातल्या त्या तिघींपैकी दोघींची मुदत केव्हाच संपली होती. बँकेनं सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

गटानं शेवटी काय ठरवलं? निधीसुद्धा केला, पण वेगळा. जनावरामागे महिन्याला पन्नास रुपये. तो मेलेल्या जनावरासाठी नाही, आजारी जनावराच्या औषधासाठी, कारण तो खर्च विमा देत नाही. चौदा जनावरांचे महिन्याला सातशे होतात, त्यातून तीन हजारांपर्यंत बिनव्याजी उचल मिळते. आणि ह्याच निधीतून पहिली वस्तू आणली ती म्हणजे एक मोठं लोहचुंबक, कुट्टी यंत्राच्या तोंडाशी बसवायला, वैरणीतली तार ओढून घ्यायला. ही सूचना कुणाची, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मी त्या वहिनींच्या घरी गेले होते. सांगितलं, तुम्हाला नको म्हणाले ते माझं चुकलं. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "तुझी गाय गेली होती गं तेव्हा. रागात होतीस." मग मला कपाट उघडून दाखवलं. सोळावी पावती, कर्ज फिटल्याची, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि शेजारी गोठ्यात चार महिन्यांची रेडी बांधलेली, गेलेल्या म्हशीचीच थोरली रेडी व्याली होती तिची. दूध कमी, पण घरचं रक्त.

तिच्या आईच्या कानात बिल्ला आहे. विम्याचा फॉर्म भरायचा राहिलाय. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या ग्रामसंघाच्या खोलीवर पशुवैद्यकीय डॉक्टर आणि पशुसखी येणार आहेत. तुमच्या गावातही अशी बैठक लावून घ्या. येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, जनावराच्या बिल्ल्याचा नंबर लिहून आणि जुनी पॉलिसी असेल तर ती घेऊन या. जनावर आणायचं नाही, डॉक्टर गोठ्यावरच येऊन बघतात आणि किंमत ठरवतात. किंमत ठरताना घरातल्या बाईनं समोर उभं राहायचं. किती लिटर देते, कितवं वेत आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं.